फीलर गेज

वकिलाने पाठवलेलं पत्र
मी बिटको चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं.
चार पानं, पानाला तीन रुपये.
त्यात लिहिलंय की कंपनीने शोध शोध शोधलं,
पण डेटन शहरात आणि आसपास
हे काम येणारं माणूस काही मिळालं नाही,
म्हणून वृषाली खैरनार, राहणार जेलरोड, नाशिकरोड,
यांना बोलावणं भाग आहे.
झेरॉक्सवाला वाचत नाही, फक्त पानं मोजतो.
मी वाचलं.
दोनदा.

मिळालं नाही?
वॉरन होता की.
सहा आठवडे, रोज रात्री साडेआठला,
तो मला त्याचं काम शिकवायचा.
त्याची सकाळ उतरणीला लागलेली,
माझ्या हाताला पिठाचा वास.
त्याच्या मागे कुत्रा भुंकायचा, माझ्या मागे कुकर.
हे फंक्शन सत्त्याण्णव सालचं, म्हणाला,
याला हात लावू नकोस.
का चालतं ते मलाही माहीत नाही,
पण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

शेवटच्या दिवशी त्याने विचारलं,
तुमच्याकडे थंडी पडते का?
म्हटलं, पडते ना,
द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवून ठेवतात,
मणी तडकू नयेत म्हणून.
तो जरा वेळ गप्प बसला.
मग त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका
राखाडी झाला.

ऑफिसात यावर रोज वाद होतात.
कुणी म्हणतं, त्यांना कष्ट नकोत.
कुणी म्हणतं, आपण हुशार आहोत, त्यांनी मान्य करावं.
मी चहा घेते.
वॉरनची ती सिस्टीम पगाराची होती,
त्यामुळे त्याचा आकडा मला ठाऊक आहे
आणि पत्रातला माझाही.
वजाबाकी मला तिसरीपासून येते.

नानांना पत्र दाखवलं.
त्यांनी चष्मा पुसला, ओठ हलवत इंग्रजी वाचलं,
काहीच बोलले नाहीत.
कपाटातून फीलर गेज काढून आणलं,
पात्यांचं, जपानी पंख्यासारखं उघडणारं,
अजून तेल लावून ठेवलेलं.

एक्क्याऐंशी साल. सातपूर.
नवं मशीन बसवायला स्वित्झर्लंडहून फिटर आला.
नाव उर्स. शॉपमध्ये सगळे म्हणायचे, उरूस आला.
गेटवर पाटी लागली,
आमचे फिटर मेले काय?
सुकदेव पिंगळे घसा बसेपर्यंत बोलला,
आणि खोटं नाही बोलला, नाना म्हणाले,
आमच्या अख्ख्या शॉपचा पगार एकीकडे
अन् त्या एकट्याचा एकीकडे.
मशीन मात्र आमच्याच्याने हलत नव्हतं.
तेही खोटं नव्हतं.

मग हळूच म्हणाले,
पाटी मीच रंगवली होती. अक्षर चांगलं होतं ना माझं.
सकाळी घोषणा द्यायचो,
दुपारी त्याच्याशेजारी बसून
दोन लोखंडांमधली फट मापायला शिकायचो.
त्याला मराठी येत नव्हतं.
पण पाटी काय म्हणते, ते त्याला कळलं असणार.
जाताना हे ठेवून गेला.
ठेवून गेला की विसरून गेला,
अजून माहीत नाही.

मी वकिलाला फोन लावला,
ते एक वाक्य जरा बदलता येईल का?
तो म्हणाला, मॅडम, त्याला हात लावू नका,
बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

रात्री सहीचं पान समोर घेतलं.
वॉरनला दोन ओळी लिहिल्या, खोडल्या,
पुन्हा लिहिल्या,
त्यातही थंडीबद्दलच विचारलं होतं.
मग उगाच, सगळ्यात बारीक पातं,
पाच शतांश मिलिमीटरचं,
पत्राच्या दोन पानांमध्ये सरकवून पाहिलं.

नाना दारातून बघत होते.
सैल जातंय? म्हणाले.
नाही.
घट्ट?
तसंही नाही. जरा अडकतंय.
मग बरोबर आहे माप, म्हणाले,
आणि दिवा न मालवता
झोपायला गेले.